काळ्या मातीच्या अंगणात आर्टिफिशियल टर्फ: पाया कसा घ्यावा?

राजेंद्रनगरकर:
इंदूरला घरामागे १९ × १५ फुटांचं मोकळं अंगण आहे, खाली निव्वळ काळी माती. ३५ मिमी उंच पात्यांचं टर्फ (प्लास्टिकचं गवत) स्वतःच बसवायचंय, रोल २ मीटर रुंदीचे आहेत. दुकानदार म्हणतो, माती चोपा, अंथरा, कडेनं खिळे मारा. पावसाळा काढेल का? की खाली दोन इंच कोबा करू?

माळवी_माती:
दोन्ही नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. नुसत्या मातीवर टर्फ लाटांसारखं होईल, आणि पातळ कोबा तडकेल.

६ इंच खोदा. आता मुख्य गोष्ट: उतार खोदलेल्या तळालाच द्या, घरापासून बाहेर, १५ फुटांत साधारण २ इंच. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, सपाट खड्डा हौदासारखा भरून राहतो. खालच्या कडेला भोकं पाडलेला ३ इंची पाइप टाकून नालीला जोडा.

खोदलेल्या तळावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (माती आणि गिट्टी वेगळी ठेवणारं कापड), जोडाला फूटभर एकावर एक. हे वगळलं तर चिखल गिट्टीत चढतो आणि पाया खचतो. कडेनं विटा किंवा कर्ब सिमेंटात पक्के करा. मग ४ इंच गिट्टी, २० मिमीपासून बारीकपर्यंत मिसळलेली. एकाच मापाची घट्ट बसत नाही. दोन थरांत, किंचित पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर (चोपायचं यंत्र) फिरवा. वर इंचभर दगडाची चुरी. सुटी गिट्टी सुमारे १२० घनफूट, चुरी ३० घनफूट लागेल. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, तेव्हा माती चिकटही नसते आणि दगडासारखी वाळलेलीही नसते.

हिरवी_कड:
टर्फचं गणित: ४.७ मीटरचे तीन पट्टे, म्हणजे १४.१ मीटर. तीन पट्टे ६ मीटर भरतात, तुमची जागा ५.८ आहे. सांध्याच्या कडा कापून थोडंच उरतं, मोजूनच कापा.

पट्टे उन्हात काही तास पसरून ठेवा, मगच कापा. पात्यांचा कल सगळ्यांचा एकाच दिशेला हवा, नाहीतर दोन रंग दिसतात. प्रत्येक कडेच्या दोन-तीन ओळी मागून कटरनं, दोन टाक्यांच्या मधून कापा. सांध्यातली फट ओळींमधल्या अंतराएवढीच ठेवा: जास्त ठेवली तर रेघ दिसते, कमी ठेवली तर उंचवटा येतो. खाली ३० सेंमी रुंद टेप (१० मीटर घ्या) आणि दोन भागांचा पॉलीयुरेथेन गोंद, साधारण ५ किलो. तो उन्हात झटपट घट्ट होतो, म्हणून सकाळीच लावा. पाती गोंदात अडकू देऊ नका.

राजेंद्रनगरकर:
ताई, टर्फच्या पात्यांमध्ये भरायला नदीची वाळू चालेल का? आणि मागच्या खिडकीला आरशासारखी काच आहे.

हिरवी_कड:
नदीची नको, तिच्यातल्या मातीनं टर्फची पाणी जायची भोकं बुजतात. धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू घ्या, चौरस मीटरला ५-६ किलो, म्हणजे ५० किलोच्या तीन गोण्या. कोरडीच टाका, दोन-तीन वेळा, मध्ये कडक झाडूनं पाती उलट्या दिशेनं उभी करत.

माळवी_माती:
काचेचं आधी बघा, दादा. परावर्तित उन्हानं पाती वितळतात. बाहेरून जाळी किंवा छज्जा करा, टर्फ त्यानंतर.