दसऱ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांसाठी प्राण्यांच्या गमती आणि हस्तकला: काय करून घेऊ?

वडगावची_काकी:
नमस्कार मंडळी. मी वडगावात राहते, घरीच शिवणकाम करते. दसऱ्याची सुट्टी पडली की गल्लीतली सगळी पोरं आमच्याच कट्ट्यावर असतात. यंदा ठरवलंय, रोज दुपारी तासभर त्यांना बसवायचं, एका प्राण्याची गंमत सांगायची आणि त्याच प्राण्याचं काहीतरी त्यांच्याकडून करून घ्यायचं. वयं साधारण पाच ते दहा. कोण मराठी शाळेत, कोण कन्नड, कोण इंग्लिश मीडियमला. खेळताना मात्र सगळ्यांचा दंगा एकच.

मोबाइलवर शोधलं तर जिकडे तिकडे तेच. कागदी प्लेटला डोळे चिकटवा, सिंह झाला. प्लेट हिरवी रंगवा, कासव झालं. पोरांचं दहा मिनिटांत उरकतं आणि मग ती प्लेट कुणी घरीसुद्धा नेत नाही. गमती सांगितल्या त्या आवडल्या सगळ्यांना: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, जिराफाच्या एवढ्या लांब मानेत माणसाइतकीच सात हाडं असतात. पण एका पोराने विचारलं, "काकी, आपल्याकडं कोण हाय का तसलं?" तेच मला तुम्हाला विचारायचंय. आपल्या बेळगाव-खानापूर भागातले प्राणी आणि त्यांच्यावरून करता येईल असं काही सांगा की. विकत आणायला फार नको. माझ्याकडे चिंध्या, दोरे, बटणं भरपूर आहेत, आणि शेजारी माग असल्यामुळे सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन पाहिजे तेवढे मिळतात.

अनगोळचा_बाबा:
काकी, चांगलं करायला लागलाय. एक सोपी गोष्ट: कर्नाटकाचा राज्यप्राणी हत्ती आणि राज्यपक्षी नीलकंठ, महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू. शेकरू आपल्या खानापूरच्या रानातही आहे. सगळ्यांची चित्रं काढून घ्या, पोरांना दोन्हीकडची माहिती होईल.

खानापूरच्या_बाई:
काकी, मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्रं काढायला हरकत नाही, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पोराने केलेली वस्तू त्या प्राण्यासारखी दिसली नाही तरी चालेल, ती त्या प्राण्यासारखी वागली पाहिजे. प्लेटचा सिंह काहीच करत नाही, म्हणून दहा मिनिटांत त्यातला जीव जातो. प्राण्याने जी करामत केली ती पोराच्या हाताला करून बघू द्या. मग गंमत वेगळी सांगावी लागत नाही, ती हातातूनच कळते.

सुगरणीपासून सुरू करा. येळ्ळूरच्या बाजूला भातशेताच्या बांधावर, विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर तिची घरटी लोंबकळताना दिसतात. तिचा विणीचा काळ पावसाळ्यात, त्यामुळे दसऱ्यापर्यंत बरीच घरटी रिकामी होतात आणि वाऱ्याने एखादं खाली पडलेलंही मिळतं. पडलेलंच आणा, झाडावरचं काढू नका. पोरांना पहिल्यांदा हे सांगा की घरटं विणतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला कडेला चोचीने खाच पाडतो, तिथलं टोक चोचीत धरतो आणि सरळ उडतो. लांबलचक पट्टी सोलून त्याच्याबरोबर येते. अशा पट्ट्या आणून आधी फांदीला गाठी मारतो, मग एक कडं विणतो आणि त्या कड्यावर बसूनच पुढचं घर वाढवतो. घर अर्धं झालं की मादी बघायला येते. पसंत पडलं तर तो खालची नळी विणून घर पुरं करतो. नाही पडलं तर तेवढ्यावर सोडून दुसरं सुरू करतो. झाडाखाली उभं राहून वर बघा, नळी नसलेली अर्धी घरटी हमखास दिसतील. आत चिखलाचे गोळेही लावलेले असतात.

आता कृती. एक जुनी प्लास्टिकची बांगडी काठीला बांधून लटकवा. हे नराचं कडं. प्रत्येकाच्या हातात पापड भाजायचा चिमटा द्या. ही चोच. दुसरा हात पाठीमागे. आता तुमच्याकडच्या कापडाच्या बारीक पट्ट्या चिमट्याने उचलायच्या, बांगडीतून ओवायच्या, मागून ओढायच्या आणि पुन्हा पुढे आणायच्या. पाच वर्षांच्या पोराला ओवणं जमतं. आठ-नऊ वर्षांची गाठ मारायला जातात आणि तिथे अडतात, कारण पट्टीचं एक टोक सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही. अडू द्या. लगेच मदत करू नका. थोड्या वेळाने एखादी पोरगी टोक कड्याच्या फटीत अडकवून ठेवते आणि मग दुसरं ओढते. सुगरणही टोक असंच आधी अडकवून घेते. तुमच्या वडगाव-शहापुरात घरोघर माग, पोरांना ताणा-बाणा डोळ्यांनी बघून माहीत. ती ह्यात पटकन रमतील. हे एका दिवसात संपवू नका. बांगड्या कट्ट्यावरच लटकू द्या, रोज येता-जाता चार पट्ट्या वाढतील.

कोन आहेत म्हणता तर पिंगळा करा, तो गावातसुद्धा तारेवर बसलेला दिसतो. घुबडांचे डोळे खोबणीत जागचे हलत नाहीत, म्हणून मान वळवावी लागते, आणि ती 270 अंशांपर्यंत वळते. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. कोन टेबलावर उभा करा, त्यावर सैल बसेल अशी कागदी टोपी करून तिच्यावर डोळे काढा. कोनाच्या अंगावर घड्याळासारखे बारा आकडे लिहा. टोपी बारापासून फिरवत नवापर्यंत न्यायची, पिंगळ्याची मान तिथवर जाते. मग पोरांना खांदे न हलवता स्वतःची मान वळवून बघायला सांगा. तीनच्या पुढे कुणी जात नाही.

आणि खवल्या मांजर जरूर घ्या. आपल्या रानात आहे, पण रात्री फिरतं म्हणून फार थोड्यांनी पाहिलंय. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खातं, आणि गिळलेले बारीक खडे पोटात त्याचं अन्न दळतात. अंगावरची खवलं आपल्या नखांच्याच द्रव्याची असतात. पोरांना आपलं नख दाबून बघायला सांगा, म्हणजे खवलं कशाचं ते कळेल. धोका दिसला की अंगाचं वेटोळं करून पोट आत लपवतं.

ह्यासाठी जुन्या लग्नपत्रिका काढा, त्यांचा पुठ्ठा जाड असतो. अंगठ्याच्या नखाएवढी ते रुपयाएवढी खवलं कापून घ्या आणि जुन्या पायमोज्यावर शिवा, मोठ्या पोरांना टाका घालता येतो. फक्त सुरुवात शेपटीकडून करायची आणि कौलं घालतात तसं वर सरकत जायचं, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर बसते. तोंडाकडून सुरुवात केली तर खवलं उलटी बसतात, मोजा वळवताना उचकटतात. नीट शिवलं तर मोज्याचं वेटोळं होतं आणि सगळी खवलं बाहेर राहतात. हेही सांगा की ह्या प्राण्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं सगळ्यात कडक संरक्षण आहे आणि तरीही खवलांसाठी त्याची शिकार होते. पोरांना हे कळतं, लपवायची गरज नाही.

वडगावची_काकी:
बाई, किती छान सांगितलंत. आजच बांगड्या बांधल्या. एकीने तर काठी सोडायलाच नकार दिला, आई जेवायला हाक मारायलीय आणि ही पट्टी ओढायलीय.

तुमचं वाचून मला एक सुचलं. पाल! घरात रोज दिसते. कापडाची पाल शिवून तिची शेपटी टिचबटणाने लावली तर? ओढली की सुटेल, परत लावता येईल. चालेल का? आणि दुसरं, पोरं वटवाघळाचं विचारायलीत. पण दोघी आया म्हणाल्या, ते अपशकुनी, घरात त्याचं चित्रही नको. काय करू?

रानवाट_जांबोटी:
काकी, वटवाघूळ तर आपल्या तालुक्याची शान आहे, ते सोडू नका. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक जात राहते. शास्त्रात तिची नोंद 1913 ची, आणि ती ह्याच गुहेतल्या वटवाघळांवरून झाली. जगात ती फक्त इथेच आहे असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडली. कान मोठाले, पुढे आलेले. हा सगळा भाग आता भीमगड अभयारण्यात येतो, 2011 साली ते जाहीर झालं. गुहेत जायला मुळीच परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे, माणसाच्या वर्दळीने त्यांचा थारा मोडतो.

त्या आयांना सांगा, किडे खाणारी वटवाघळं रात्रभर शेतावरचे पतंग आणि किडे टिपतात, आणि फळं खाणारी वड-उंबराच्या बिया लांबवर टाकतात. एक सूचना: जमिनीवर पडलेलं वटवाघूळ पोरांनी हातात घ्यायचं नाही. मोठ्या माणसाला बोलवायचं.

खानापूरच्या_बाई:
काकी, टिचबटण फारच उत्तम! मला हे सुचलं नसतं. ते अगदी बरोबरही आहे, कारण पालीची शेपटी कुठेही तुटत नाही, मणक्यांत ठरलेल्या जागा असतात तिथेच सुटते. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, मांजर त्याच्याकडे बघत बसतं आणि पाल पळते. नवीन शेपटी येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते. तेव्हा दोन शेपट्या शिवा, दुसरी वेगळ्या रंगाची आणि थोडी आखूड. पहिली तुटली की पोरांनी दुसरी लावायची.

वटवाघळाचं असं करा. उन्हाळ्यापासून अडगळीत पडलेली मोडकी छत्री शोधा, तिचं काळं कापड लागणार आहे. पोराचा पंजा पुठ्ठ्यावर ठेवून बोटं फाकवून पेन्सिलीने गिरवा. मग अंगठा सोडून बाकीच्या चार बोटांच्या रेघा पट्टीने लांब करा, पार कागदाच्या टोकापर्यंत. अंगठा तेवढाच ठेवा, टोकाला आकडी काढा. दुसऱ्या हाताचंही तसंच. आता बोटांवर छत्रीचं कापड चिकटवा, दोन हातांच्या मध्ये अंग आणि कान. झाला वटवाघळाचा पंख, आणि तो पोराचा स्वतःचा हात आहे! खऱ्या वटवाघळाचंही हेच: लांबलेल्या चार बोटांवर ताणलेली कातडी, आणि मोकळा अंगठा धरायला. सस्तन प्राण्यांत खरं उडता येतं ते फक्त त्याला.

पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून दोरीवर उलटं टांगा. चिमटा धरून ठेवायला जोर लागत नाही, सोडवायला लागतो. त्याच्या पायाचंही तसंच आहे. लटकलं की अंगाच्या वजनानेच स्नायूबंध ओढला जातो आणि नख्या मिटतात, म्हणून झोपेतही ते पडत नाही. हे आयांसमोरच करून दाखवा. आपल्या लेकीच्या हाताचा पंजा त्या पंखात दिसल्यावर आई नको म्हणत नाही, हे मी शाळेत पाहिलंय.

येळ्ळूरची_माहेरवाशीण:
मातीचे बैल कसे विसरलात सगळे? मण्णेत्तिन अमावास्येला आपल्याकडे घरोघर करतात, तेव्हा पोरांचा हात बसलेलाच असतो. दसऱ्यालाही करायला काय हरकत? बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. तोंड उघडं ठेवून फक्त खालचे दात बसवायला सांगा, ज्वारीचे दाणे टोचले की झालं. माती खानापूरकडची मिळाली तर बघा, कुंभारकामाला तीच नावाजलेली. उन्हात वाळवू नका, तडे जातात. सावलीत ओल्या फडक्याखाली दोन दिवस.

वडगावची_काकी:
ठरलं मग. वटवाघूळ उद्याच, छत्र्या तीन घरांतून मिळाल्या. नंतर पाल, मग बैल, खवल्या मांजर शेवटी, कारण पत्रिका कापायला वेळ जाणार. बाई, एकच विचारते: छत्रीचं कापड पुठ्ठ्याला फेविकॉलने नीट बसत नाही, कडा उचलतात. खळ चालेल का?

खानापूरच्या_बाई:
चालेल, पण मैद्याची घट्ट शिजवा, पातळ खळ त्या कापडावरून घसरते. आधी कापडाची चिकटवायची बाजू ओल्या फडक्याने पुसून तेलकटपणा काढा, मग खळ पुठ्ठ्याला लावा, कापडाला नको. वरून पाटा नाहीतर जाड वह्या ठेवून रात्रभर दाबून ठेवा. खळ रोजची रोज करा, दुसऱ्या दिवशी आंबते. आणि कोन उरले तर चार-पाच माझ्यासाठी बाजूला ठेवा, दिवाळीनंतर बेळगावात येणार आहे तेव्हा नेईन.