घशाच्या स्ट्रेपचं औषध सुरू आहे, मंगळवारी शाळेत पाठवायचं का?

रंकाळावेस_आई
मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. १०२ ताप, गिळताना दुखतंय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. सर्दी-खोकला अजिबात नाही. डॉक्टरांनी घशाचा स्वॅब घेतला, स्ट्रेप (स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घशाचा संसर्ग) पॉझिटिव्ह आलं. अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा, १० दिवस द्यायला सांगितलंय. पहिला डोस रविवारी संध्याकाळी ७ ला दिला. मंगळवारी सकाळी घटक चाचणी आहे आणि शाळा म्हणते, फिट सर्टिफिकेट आणा. रिक्षात आठ पोरं दाटीनं बसतात. शिवाय माझी खानावळ आहे आणि थोरला तालमीत जातो. कुणी कधीपासून बाहेर पडायचं?

बालरोग_कोल्हापूर
ताई, अटी दोनच. औषध सुरू होऊन पुरेसे तास झालेले हवेत आणि ताप गेलेला हवा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते शाळेसाठी १२ तास पुरतात. भरलेला वर्ग आणि रिक्षा बघता मी २४ धरीन. हे तास पोटात गेलेल्या पहिल्या डोसपासून मोजायचे. तुमचे मंगळवारी सकाळी ७ ला ३६ होतात, म्हणजे ती अट सहज पुरी होते. मात्र पहिला डोस अर्ध्या तासाच्या आत उलटून पडला असेल तर तो धरू नका. डॉक्टरांना फोन करून विचारा. बहुतेक वेळा तोच डोस पुन्हा देतात आणि तास तिथून मोजतात.

फसगत होते ती तापाच्या बाबतीत. सकाळी ६ ला पॅरासिटामॉल पाजलं की पोरगं ७ ला गार लागतं आणि ११ ला वर्गात पुन्हा तापतं. सोमवारी रात्री १० नंतर ते देऊ नका, सकाळी उठल्यावर आधी थर्मामीटर लावा. तेव्हा ताप नसेल आणि पेजभात, पाणी पोटात जात असेल तर खुशाल पाठवा. घसा आणखी दोन-तीन दिवस थोडा दुखेल, त्यासाठी घरी ठेवायचं कारण नाही.

सर्टिफिकेटवर औषध सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, शेवटचा ताप कधी होता, आणि शाळेत जायला हरकत नाही, एवढं लिहून घ्या. पुन्हा स्वॅब नको. कोणी एएसओ टायटर (स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) करून आणा म्हटलं तर तेही नको. त्याचा आकडा आजार होऊन गेल्यावर कित्येक आठवडे वाढलेलाच राहतो. मूल आज संसर्ग पसरवतंय का, हे त्यातून कळत नाही.

शाहूपुरी_औषधवाला
औषधाच्या बाटलीचं सांगतो, कारण डोस चुकतो तो तिथंच.

किलोमागे दिवसाला ५० मिग्रॅ धरले तर १८ किलोला ९०० मिग्रॅ, म्हणजे एका वेळी ४५०. बाटलीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ लिहिलं असेल तर ते ९ मिली होतात. तुमच्या चिठ्ठीशी ताडून बघा, फरक असेल तर डॉक्टरांना विचारा. पुढची बाटली घेताना १२५ ची हातात आली आणि तुम्ही ९ मिलीच देत राहिलात, तर निम्मं औषध जातं. म्हणून दर वेळी आकडा वाचा.

दिवसाला १८ मिली, म्हणजे १० दिवसांना १८० मिली. ६० मिलीच्या तीन बाटल्या लागतात. एक बाटली चौथ्या दिवशी संपते, नेमकं तेव्हाच पोरगं ठणठणीत झालेलं असतं आणि दुसरी आणायचं राहून जातं. तिन्ही आजच आणा, पण पाणी एकीतच घाला. कालवलेलं औषध बहुधा ७ दिवसच चालतं, लेबलवर असतं तेच खरं.

कालवताना बाटली आधी कोरडीच हलवून तळाची भुकटी सुटी करा. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घाला, झाकण लावून जोरात हलवा. फेस येईल, तो बसू द्या. मग पुन्हा खुणेपर्यंत पाणी घाला. फेसावरच खूण धरली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. मापाला सिरिंज वापरा, घरातला चमचा नको. फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि दर वेळी हलवून द्या. सकाळी ७, संध्याकाळी ७ ठेवलंत तर बाटली दप्तरात द्यावी लागत नाही.

पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना कधी अझिथ्रोमायसिन देतात, पण स्ट्रेपला ते ५ दिवस लागतं. दुकानातून तीन गोळ्या नेऊन स्वतःच कोर्स संपवू नका.

रंकाळावेस_आई
तिन्ही बाटल्या आणते. माझा आणि थोरल्याचा घसा सध्या ठीक आहे. आमचीही तपासणी करायची का? खानावळ बंद ठेवू का?

बालरोग_कोल्हापूर
लक्षणं नसताना तपासणी नको. संसर्ग झाल्यावर दोन ते पाच दिवसांत घसा धरतो, तेवढे दिवस लक्ष ठेवा. धाकट्याचा पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवा.

खानावळ चालू राहू दे. पण तुमचा घसा दुखायला लागला किंवा ताप आला, तर त्या क्षणी स्वयंपाकघरातून बाहेर या आणि दाखवून घ्या. स्ट्रेप निघालं तर औषध सुरू होऊन पूर्ण २४ तास आणि ताप नाही, मगच परत. स्ट्रेप अन्नातूनही पसरतो. उकळत्या रश्श्याची चिंता कमी. कोशिंबीर, चिरलेला कांदा, उकडून सोललेली अंडी अशा हात लागणाऱ्या गार पदार्थांची जास्त.

गंगावेस_वस्ताद
थोरल्याला कसलाच त्रास नसेल तर तालमीत येऊ दे. पाण्याचा तांब्या आणि थंडाईचा पेला मात्र स्वतःचा. स्ट्रेप झालाच तर औषध सुरू होऊन २४ तासांनी यायला हरकत नाही, पण जोर-बैठका आणि लढत ताप जाऊन जेवण नीट सुरू झाल्यावरच. आणि अंगावर मधासारख्या पिवळ्या खपल्यांचे फोड दिसले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हौद्यात उतरवायचा नाही. तोच जंतू कातडीवरही वाढतो आणि अंगाला अंग लागून पसरतो.

रंकाळावेस_आई
बरं वाटल्यावरही १० दिवस द्यायचंच का?

बालरोग_कोल्हापूर
हो, पूर्ण १०. शाळेत जायला एक दिवस पुरतो, उरलेलं औषध हृदयासाठी आहे. घशात थोडे जंतू उरले तर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त, आणि आपल्या देशात तो आजार अजून गेलेला नाही. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर तो टळतो. तुम्ही वेळेत आहात.

औषध घेऊनही तिसऱ्या दिवशी ताप असेल तर पुन्हा दाखवा. लाळ गळायला लागली, तोंड उघडेना, मान एका बाजूला सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पुढच्या महिन्याभरात सांधे एकामागून एक सुजले, धाप लागली, सकाळी चेहरा सुजला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दाखवा आणि स्ट्रेप कधी झाला होता ती तारीख डॉक्टरांना सांगा.