सल्ला हवा: 'मिशन इम्पॉसिबल'ची मालिकेतली धून रॉक गिटारवर कशी बसवू?

नवी_तार:
नमस्कार मंडळी. संगीतकार लालो शिफ्रिन यांनी १९६६ च्या मालिकेसाठी बांधलेली ही धून इलेक्ट्रिकवर, रॉक ढंगात वाजवायची आहे. कॉर्ड धरून गाण्याला साथ करता येते, बार कॉर्डही जमतात. रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह) आणि लीड (वरची मुख्य चाल) मात्र नवीन. मिळालेल्या टॅबवर (तार आणि पडदा दाखवणाऱ्या लिपीवर) चार मात्रांचं माप आहे. मालिकेच्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला गेलं की मी दर वेळी पुढे निघून जाते. छोटा अँप आहे, त्यातच डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारी सोय) आहे. नवीन काही विकत घ्यायचं नाही, एवढं कृपया लक्षात घ्या.

फझवाला:
आधी वा पेडल घे, पायाने दाबून आवाज 'वा-वा' असा फिरवणारं. मी घेतलं आणि माझ्या लीडचा नूरच पालटला. वाशिवाय ही धून मिळमिळीत वाटते.

खर्जातला_गडी:
विकत घ्यायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय त्यांनी. बाकी टॅब बहुधा १९९६ च्या चित्रपटासाठी यू२ बँडच्या अॅडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी केलेल्या आवृत्तीची असणार. त्यांनी मुख्य भाग चार मात्रांत घेतला. मालिकेतली धून पाच मात्रांची. तुमचा हात बरोबर आहे, टॅब दुसऱ्या आवृत्तीची आहे.

सम_गाठली:
पाच मात्रा म्हणजे दुगुनीत, दुप्पट लयीत, दहा. सरळ झपताल धरा. आम्ही तबलेवाले हे झोपेतही धरू.

खर्जातला_गडी:
दहा खऱ्या, पण विभाग वेगळे. झपताल २-३-२-३, ही धून ३-३-२-२. झपतालाचा ठेका धरून बसलात तर जोर भलत्या जागी पडेल.

सम_गाठली:
सम, म्हणजे पहिली मात्रा, तर एकच ना? बोल बदला, इतकंच. तोंडाने म्हणा: तकिट तकिट तक तक. प्रत्येक बोलाच्या पहिल्या अक्षरावर एक स्वर. तोंडात बसल्याशिवाय गिटार हातात घेऊ नका. हे मी आमच्या बँडला पहिल्यापासून सांगत आलोय, कोणी ऐकत नाही.

पामम्यूट:
+१ तकिटला. आता बोटांचं. रिफ जी मायनरमध्ये. सहाव्या तारेवर तिसरा पडदा दोनदा, मग त्याच तारेवर सहावा, मग पाचव्या तारेवर तिसरा. दुसऱ्या आवर्तनात पुन्हा सहाव्या तारेचा तिसरा दोनदा, मग पहिला आणि दुसरा पडदा. म्हणजे जी जी बी-फ्लॅट सी, जी जी एफ एफ-शार्प. उजव्या तळव्याची कड ब्रिजला लागून तारांवर टेकवा. थोडी पुढे सरकली की नुसता ठक ठक आवाज येतो, मागे गेली की तार मोकळी गुंजते; मधली जागा शोधावी लागते. पहिल्या दोन स्वरांनंतर जी पोकळी आहे ती राखा. तिथे तार वाजत राहिली की सगळा दरारा गेला.

फझवाला:
आणि पॉवर कॉर्डनेच वाजव. रॉक म्हणतेस आणि एकेरी स्वर?

पामम्यूट:
पॉवर कॉर्ड चालतील, पण गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारं बटण) अर्ध्याच्या खाली. भरपूर डिस्टॉर्शनवर पूर्ण मायनर कॉर्ड दाबली तर स्वर एकमेकांत कालवले जातात. मूळ स्वर आणि पंचम एवढेच, म्हणजे पॉवर कॉर्ड, स्वच्छ राहतात.

जुना_अँप:
माझा व्हॉल्व्हचा अँप आहे. त्याला पेडल लागत नाही, डिस्टॉर्शन लागत नाही. हल्लीच्या छोट्या अँपमधून काय वाजणार? आधी अँप बदला.

नवी_तार:
अँप बदलणार नाही. टॅबचं कोडं सुटलं, खर्जातला_गडी यांचे आभार. वरची चाल कुठे धरू?

पामम्यूट:
पहिली तार सहावा पडदा, पहिली तार तिसरा, दुसरी तार तिसरा. शेवटचा स्वर लांबवायचा. पुढच्या वेळी सुरुवातीचे दोन तेच, लांब स्वर दुसऱ्या पडद्यावर. मग पहिल्या पडद्यावर. डी, सी-शार्प, सी असा तो अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरतो, सगळा थरार त्यातच. पण रिफ पक्की झाल्याशिवाय इकडे वळू नका.

खर्जातला_गडी:
अनुमोदन. आधी रिफ. मेट्रोनोम हळू लावून दहाही टोले ऐका, मग फक्त पाच ठेवा.

सम_गाठली:
आधी रिफच. आणि त्याआधी तकिट.

नवी_तार:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते सांगते. मी आधी वरची चालच बसवणार, तीही क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या, आवाजावर. ते उतरते स्वर ऐकूनच ही धून शिकावीशी वाटली. त्यांच्यापासून सुरुवात केली तर रोज गिटार हातात घ्यावीशी वाटेल. रिफ तोवर मैत्रीण बेसवर धरेल, पाच मात्रांतच. चार मात्रांची टॅब बाजूला ठेवली. तकिट तकिट तक तक दोघींनी आजपासून सुरू केलंय.

सम_गाठली:
आणि बाँगो कोण वाजवणार? मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते आहेत, त्यांच्याशिवाय चाल सुटी सुटी वाटेल.

फझवाला:
क्लीनवर वाजवणार असशील तर वा पेडल तर हवंच.