अनुभव धागा : सातारा-सांगलीकडच्या जुन्या सिस्टर, काम नेमकं कसं करायच्या ते लिहा

मागच्या पिढीतल्या सिस्टर एकेक करून जात आहेत. पेपरातल्या चौकोनात "प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ" एवढंच छापून येतं. वॉर्ड, नवरा, पोरं आणि सासर एका हाताने ओढलेल्या बाईच्या त्या हाताला काय काय येत होतं, ते कुठेच नोंदलेलं नसतं. म्हणून इथे विशेषणं नकोत. आई, सासू, मावशी, शेजारच्या नर्सबाई, कुणीही असो, त्या काय करायच्या, किती, कशाने, आणि चुकलं तर काय व्हायचं, ते लिहा. स्वतःबद्दल कमी लिहा.

मिरज जंक्शन

मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, तेव्हा सुरुवात तिथल्या शिस्तीत तयार झालेल्या सिस्टरांपासून. काचेची सिरिंज वापरून झाली की लगेच गार पाण्याने धुवायची. गरम पाण्याने धुतली तर रक्त आत चिकटून बसतं. दट्ट्या आणि नळी वेगळी करायची. दोन्हींवर एकच नंबर असतो, तो जुळवून जोडी गॉजच्या तुकड्यात गुंडाळायची. दुसऱ्या नंबरचा दट्ट्या घातला तर एक तर अडकतो, नाही तर औषध मागून गळतं.

भांड्यात पाणी गार असतानाच सिरिंज ठेवायच्या. उकळत्या पाण्यात टाकली की तडकलीच. उकळी फुटल्यावर घड्याळ बघायचं, २० मिनिटं. मध्येच कुणी आणखी एक सुई टाकली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा, आणि नव्या पोरी नेमक्या इथेच शिव्या खायच्या. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर दट्ट्यावर बसून तो घट्ट होतो, म्हणून उकळायला शक्यतो डिस्टिल्ड पाणी.

सुईचं टोक कापसातून ओढून बघायचं. तंतू अडकला म्हणजे टोक वळलंय, मग तेल लावलेल्या दगडावर उतार धरून घासायचं. सुईत बारीक तार घालून ठेवायची, नाही तर आतून गंजून बंद होते.

ऑपरेशनच्या सामानाला नुसतं उकळणं पुरत नाही, काही जंतूंचे बीजाणू त्यात मरत नाहीत. त्यासाठी ड्रम, म्हणजे गॉज-कपड्यांचा धातूचा डबा, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात : १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस, २० मिनिटं. ड्रमच्या बाजूची भोकं आत ठेवताना उघडी, बाहेर काढताच बंद. आणि गॉज दाबून भरायचं नाही, मधल्या घडीपर्यंत वाफ जात नाही.

वारणाकाठ

साडी आणि टोपीचं राहिलं. पांढरी साडी आधी नीट धुऊन सगळा साबण काढायचा, मग नीळ. निळीची पुरचुंडी कापडात बांधून पाण्यात हलवायची. पावडर सरळ बादलीत टाकली की साडीवर निळे डाग पडतात. खळ साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची, गाळून. न गाळता घातली की इस्त्रीखाली गाठी जळून पिवळ्या होतात. टोपीला खळ दाट. ओली टोपी आरशावर किंवा स्टीलच्या कपाटावर सपाट चिकटवायची, वाळली की कडक निघून येते. इस्त्रीची गरजच नाही.

पाटण खोरं

हॉस्पिटलच्या सिस्टरांचं सगळे लिहितात, गावाकडच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंचं कोण लिहिणार? सपाटीवर एका उपकेंद्राला ५,००० लोकसंख्या, डोंगरी भागात ३,०००. आकडा कमी दिसतो, पण जावळी-पाटणला ते ३,००० लोक वाड्यावस्त्यांवर विखुरलेले, आणि मधे ओढे.

देवीची लस आधी फिरकीच्या टोचणीने द्यायचे. जुन्या माणसांच्या दंडावर गोल वण दिसतात ते तिचे. मग दोन टोकांची सुई आली. ती लसीत बुडवली की दोन टोकांमध्ये एक थेंब धरला जातो. सुई कातडीला काटकोनात धरून, मनगट दंडावर टेकवून, छोट्याशा जागेत भराभर १५ टोचे. थोड्या वेळाने तिथे रक्ताचा जरासा ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर टोचे हलके पडले. भळभळून आलं तर जास्त जोराचे, लस वाहून जाते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५चा, १९७७ला देश देवीमुक्त जाहीर झाला.

पुढे लसीचा डबा आला, चार बर्फाच्या पट्ट्यांचा. लोकांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं. उलट आहे. फ्रीझरमधून काढलेली पट्टी तशीच डब्यात घातली की त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि धनुर्वाताची लस गोठते, आणि गोठलेली लस कामाची राहत नाही. पट्टीला बाहेरून घाम येईपर्यंत आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, मगच भरायचं. लसीला २ ते ८ अंश हवेत. बीसीजी (क्षयाची) आणि गोवरची लस कालवली की बाटलीवर वेळ लिहायची, ४ तासांनी उरलेली फेकायची. त्यात जंतू वाढले तर बाळ दगावू शकतं. लांबच्या वस्तीवरून बाई पोर घेऊन उशिरा यायची आणि नर्सबाई "आता पुढच्या वारी" म्हणायच्या, ते आडमुठेपणाने नव्हे.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपाबद्दल कुणाच्या घरात कामाच्या तपशिलासह काही ऐकलेलं असेल तर जरूर लिहा. अशा वेळी मोडलेल्या हाडाला फळी बांधायची ती वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरून, आत कापूस घालून, आणि बोटं उघडी ठेवून. बोटं निळी किंवा गार पडली की गाठ सैल करायची.

घड्याळ छातीला

सलाइनचा हिशेब राहून गेला. ५०० मिली ८ तासांत द्यायचं, सेट (थेंब सोडणारी नळी) २० थेंबांना १ मिलीचा, तर मिनिटाला २१ थेंब. सेट १५चा असेल तर १६. जुन्या काचेच्या बाटलीला हवेची सुई लावायची विसरली की थेंब हळूहळू थांबतो आणि नातेवाईक नळी दाबत बसतात. नळी दाबून काही होत नाही, आत हवाच जात नसते.

सांगलीची सून

@पाटण खोरं, दादा, आता घरातलं. नाइट करून आलेली बाई मागच्या दारानं आत यायची. साडी वेगळ्या बादलीत, हात कोपरापर्यंत साबणाने, मगच पोराला घ्यायची. दुपारपर्यंतची झोप हे तिचं औषध, आणि त्या वेळात घरात कुणी काय करायचं हे ठरलेलं असायचं. काही घरांत नवरा भाकरी थापायचा. त्याला "मदत" म्हणू नका, तोही त्याचा संसार होता.

पारा थर्मामीटर गार पाण्यानेच धुवायचा, झटकून ९५ फॅरनहाइटच्या खाली आणायचा, काख कोरडी पुसून ५ मिनिटं. घाम असला तर आकडा कमी दाखवतो.

जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. शीग भरून मीठ पडलं तर बाळाचं नुकसान होतं, म्हणून आधी मीठ घालून चव बघायची, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं. बाळाला ओकारी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. केलेलं पाणी २४ तासांनंतर ठेवायचं नाही.

आणि शेवटची वर्षं. सिस्टर अंथरुणाला खिळली की रुग्ण तीच आणि इन्चार्जही तीच. मेणकापडावर आडवी चादर, सुरकुती नाही, पोळीचा चुरा नाही. दर २ तासांनी कूस बदलायची, आणि ओढून नाही, दोघांनी चादरीसकट उचलून. ओढलं की कातडी सोलवटते. पिंढऱ्यांखाली उशी, टाचा हवेत. माकडहाडावर लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. जुन्या सिस्टर तिथे स्पिरिट-पावडर चोळायच्या, आता ते करत नाहीत, चोळल्याने आतली कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल उशीही नको, कडेचा दाब रक्त अडवतो. हे त्यांना सांगताना मात्र जपून, चाळीस वर्षं केलेलं कुणी चूक म्हटलेलं आवडत नाही.

कृष्णाकाठ

२०१९च्या ऑगस्टच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाच्या दोन्ही बाजूंना कपाटंच्या कपाटं भिजली. ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, बॅचचा फोटो, सगळं. ओले कागद उन्हात टाकायचे नाहीत, शाई उडते आणि कागद वळतो. टिपकागद किंवा कोरे कागद मधे घालून पंख्याच्या हवेत, टिपकागद बदलत राहायचे. दोन दिवसांत सुकत नसतील तर बुरशी धरते, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने थोडे थोडे काढा. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे असताना सोडवायला जाऊ नका. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, आपोआप सुटतील, मग चित्र वर करून वाळवा. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही.

सांगलीची सून

बॅचच्या फोटोत नावं कुठे लिहायची?

कृष्णाकाठ

मागे, पेन्सिलने, हलक्या हाताने, डावीकडून ओळीने. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उठतो. आणि माहेरचं नाव लिहा, रजिस्टरमध्ये सापडतं ते त्याच नावाने.