कोल्ड प्लाझ्माने व्हायरस खरंच मरतो का?

प्रश्न: आईला शुगर आहे, पायाची जखम तीन महिने झाले भरत नाहीये, डॉक्टर कोल्ड प्लाझ्मा करू म्हणाले. कोविडमध्ये रक्तातनं काढून द्यायचे तोच का हा? व्हायरस पण मरतो म्हणे?

प्रतिसाद: नाही हो, तो वेगळा. हा वीज देऊन आयनीभूत केलेला (म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केलेला) वायू, जांभळट ज्योत दिसते पण हाताला कोमटच लागते.

प्रतिसाद: २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात आर्गॉन वायूच्या कोल्ड प्लाझ्माने प्लास्टिक, धातू, पुठ्ठा, चामडं यांच्यावरचा कोरोना तीन मिनिटांच्या आत निकामी केला, हेलियमने मात्र जमलं नाही. पण ते वस्तूंवर हं, अंगातल्या इन्फेक्शनवर नाही! जखमांसाठी जर्मनीत वापरतात, तुम्ही जरूर विचारा, फक्त ड्रेसिंग आणि शुगरच्या गोळ्या अजिबात सोडू नका.

प्रश्नकर्ती: खूप आभार, उद्याच विचारते.