मदत हवी आहे : सर्व्हरचा बॅकअप डिस्कवर दिसतो, पण रिस्टोअरला सापडत नाही (तातडीचे)

कृष्णाकाठ (धागाकर्ता), शनिवार, सकाळी ११:४०
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर मी बघतो. बुधवारपासून त्याच्या दोनपैकी एका डिस्कचा दिवा हिरव्याचा पिवळा झालाय. ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "बॅकअप घेऊन ठेवा, सोमवारी बघू." म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमसकट सगळा बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतला. २८७ जीबी झाला, शेवटी 'सक्सेसफुल' आलं. काल रात्री खात्रीसाठी ऑफिसातल्या एका जादा पीसीला डीव्हीडी लावून रिस्टोअर करायला गेलो, तर म्हणतो सिस्टिम इमेज (म्हणजे अख्ख्या सिस्टिमची नक्कल) सापडत नाही! तीच डिस्क लॅपटॉपला लावली की फोल्डर डोळ्यांसमोर असतं. तीनदा केलं, तीनदा तेच. सोमवारी दहाला काउंटर उघडतो, पिग्मी एजंट भरणा घेऊन दारात उभे असतात. लवकर सांगा, काय करू?

नेटवर्कवाला, ११:५२
कुठली विंडोज? की लिनक्स? बॅकअप कशाने घेतला? फोल्डर डिस्कवर नेमकं कुठे आहे? जादा पीसी बायोसवाला (जुन्या पद्धतीने बूट होणारा) की यूईएफआयवाला (नव्या पद्धतीने), त्यात डिस्क केवढी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

टक्सप्रेमी, १२:०५
म्हणूनच सर्व्हरला लिनक्स घाला म्हणतो. 'रिलॅक्स अँड रिकव्हर' नावाचं फुकट साधन आहे, एका कमांडमध्ये बूट होणारी रेस्क्यू इमेज आणि बॅकअप दोन्ही तयार. सहा वर्षं वापरतोय, दोनदा सर्व्हर परत उभा केलाय.

सुमनताई_ठाणे, १२:११
टक्सप्रेमी, त्यांच्या संस्थेचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत असेल तर ते विंडोजवरच असणार. सोमवारपर्यंत ते बदलून होणार आहे का?

जुनाहात, १२:२०
क्लोनझिला घ्या. पेन ड्राइव्हवर टाका, सर्व्हर त्यावरून बूट करा, अख्ख्या डिस्कची इमेज काढा. विंडोजच्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. गेल्या १० वर्षांत क्लोनझिलाने मला एकदाही दगा दिला नाही.

नेटवर्कवाला, १२:२८
क्लोनझिला चांगलंच आहे, पण त्याला सर्व्हर बंद करावा लागतो. एक डिस्क आजारी असलेला सर्व्हर मी तरी विनाकारण बंद-चालू करणार नाही. तो परत उठला नाही तर?

जुनाहात, १२:३३
शनिवार-रविवार आहे, काउंटर बंद आहे. आता नाही करायचं तर कधी? आणि चालू सर्व्हरची इमेज म्हणजे धावत्या माणसाचा फोटो, हलणारच.

नेटवर्कवाला, १२:४१
नाही हलत. विंडोज आधी व्हॉल्यूमची शॅडो कॉपी, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, काढतं, मग तिची नक्कल घेतं. डेटाबेस त्या यंत्रणेशी बोलणारा असेल तर तोही क्षणभर थांबून फाइल नीट लावून देतो. तुमचा अनुभव खरा आहे, पण ही पद्धत चुकीची नाही.

गोदातीर, १२:५०
दोन डिस्क आहेत म्हणजे रेड-वन (दोन्हीवर तोच डेटा) असेल ना? मग एक गेली तरी दुसरीवर सगळं आहेच. एवढी धावपळ कशाला? नवीन डिस्क घाला, आपोआप भरून येईल.

सुमनताई_ठाणे, १२:५८
गोदातीर, कृपया असं सांगू नका. रेड हा बॅकअप नाही. चुकून खातेवही पुसली तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर दोन्हीवर कुलूप पडतं. शिवाय नवीन डिस्क भरताना उरलेली जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या असतात. ती त्याच वेळी गेली तर हातात काय राहिलं? आधी तपासलेला बॅकअप, मगच डिस्क बदला.

कृष्णाकाठ, दुपारी १:१५
एवढे प्रतिसाद, पण माझं उत्तर मिळालं नाही. विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू आहे. बॅकअप त्यातल्याच विंडोज सर्व्हर बॅकअपने, 'बेअर मेटल रिकव्हरी'वर (कोऱ्या संगणकावर सगळं परत उभं करण्याचा पर्याय) टिक करून. रेड-वन, १ टीबीच्या दोन डिस्क. यूएसबी डिस्कवर 'सर्व्हर बॅकअप शुक्रवार' नावाच्या फोल्डरमध्ये 'विंडोजइमेजबॅकअप' हे फोल्डर आहे. नीट ओळखू यावं म्हणून मीच त्यात हलवलं. पीसीचं बायोस-यूईएफआय मला माहीत नाही.

नेटवर्कवाला, १:१९
सापडलं! हेच सुरुवातीला सांगायचं होतं. ते फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर असावं लागतं, दुसऱ्या कुठल्याही फोल्डरच्या पोटात नाही. रिस्टोअर फक्त तिथेच शोधतं. त्याचं आणि आतल्या सर्व्हरच्या नावाच्या फोल्डरचं नाव बदलू नका. लॅपटॉपवर परवानगी मागेल, हो म्हणा, आणि बाहेर काढा. त्याच डिस्कवर हलवायचं आहे, क्षणात होईल.

मेघदूत_पुणे, १:२६
२०१२ आर-टू? त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपला. पैसे भरून सुरक्षा अपडेट्स घेणाऱ्यांसाठीही १३ ऑक्टोबर २०२६ ही शेवटची तारीख आहे. लोकांच्या ठेवी ज्यावर आहेत तो सर्व्हर असा ठेवू नका. सगळं क्लाऊडवर न्या, बॅकअपची कटकटच मिटेल.

जुनाहात, १:३१
२८७ जीबी १० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला जवळपास ६४ तास लागतात. त्यांच्याकडे ४५ तास आहेत. आणि क्लाऊडवरही बॅकअप घ्यावाच लागतो.

मेघदूत_पुणे, १:३५
आज करा म्हटलं नाही. पण सर्व्हरचा मुद्दा सोडू नका एवढंच.

वाशिष्ठी, १:४८
मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ला आमच्या ऑफिसात पाणी छताला टेकायचं बाकी होतं. बॅकअप रोज व्हायचा, कधी चुकला नाही. पण डिस्क सर्व्हरच्या डोक्यावरच ठेवलेली असायची. चिखलातून दोन्ही एकत्र काढली. डिस्कच्या यूएसबी पोर्टमधून गाळ बाहेर येत होता, टूथब्रशने साफ करत मी रडले होते. कृष्णाकाठ, नावावरून तुम्ही सांगली भागातले वाटता. ऑगस्ट २०१९चा पूर तुम्हीही पाहिलाय. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा. हात जोडून सांगते.

कृष्णाकाठ, २:१०
ताई, आमचंही ऑफिस तळमजल्यावर आहे. हे डोक्यातच नव्हतं. उंचावरच्या शाखेत दुसरी डिस्क पाठवतो.
नेटवर्कवाला, फोल्डर बाहेर काढलं, आता इमेज दिसते! तारीख-वेळ बरोबर. पण पुढे गेलो तर नवीनच अडलं : ही इमेज बायोसवाल्या संगणकाची आहे, हा संगणक ईएफआयवाला आहे, रिस्टोअर होणार नाही.

नेटवर्कवाला, २:१६
म्हणूनच विचारत होतो. पीसीच्या सेटअपमध्ये जाऊन लेगसी किंवा सीएसएम (म्हणजे जुनी बायोस पद्धत) चालू करा, सिक्युअर बूट बंद करा. मग बूट मेनूत डीव्हीडीची दोन नावं दिसतील. ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलंय ते सोडून दुसरं निवडा. पीसीतली डिस्क केवढी?

कृष्णाकाठ, २:२०
५०० जीबी. बॅकअप २८७चाच आहे, बसेल ना?

सुमनताई_ठाणे, २:२७
नाही बसणार. इमेजमधला डेटा किती हे रिस्टोअर बघत नाही, मूळ डिस्क केवढी होती ते बघतं. १ टीबी किंवा त्याहून मोठी हवी. '१ टीबी' लिहिलेल्या दोन डिस्कमध्येही थोडा फरक असू शकतो, म्हणून सरळ २ टीबीची आणा. ४ची नको, बायोस पद्धतीत २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही.
आणि तीन गोष्टी विसरू नका. पीसीत दुसरी कुठलीही डिस्क ठेवू नका, रिस्टोअर करताना तीही पुसली जाऊ शकते. नेटवर्कची वायर काढून ठेवा, नाहीतर एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन सर्व्हर ऑफिसात उभे राहतील. आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'चा निळा स्क्रीन आला तर घाबरू नका, बॅकअप खराब नसतो. पीसीचा डिस्क कंट्रोलर वेगळा असतो, ड्रायव्हर घालावा लागतो.

डोमेनदादा, २:४०
वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगून ठेवतो. सर्व्हर डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा) असेल तर सहा महिने जुना बॅकअप रिस्टोअर करू नका. टूम्बस्टोनची (पुसलेल्या नोंदींच्या खुणा जपण्याची) मुदत साधारण १८० दिवस असते, त्यापलीकडचा बॅकअप निरुपयोगी. आणि डिरेक्टरी रिस्टोअर मोडचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, ऐन वेळी तोच कुणाला आठवत नाही.

कृष्णाकाठ, २:४४
डोमेन वगैरे नाही आमच्याकडे, साधा वर्कग्रुप आहे. डिस्क आणायला निघालो.

गोदातीर, सायंकाळी ५:०५
माझाही प्रश्न आहे. आमचा बॅकअप नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीच्या शेअर फोल्डरमध्ये जातो. मागच्या आठवड्यातला हवा होता, तर फक्त कालचाच दिसतो. कुणी पुसला असेल?

नेटवर्कवाला, ५:१२
कुणी नाही पुसला. विंडोज सर्व्हर बॅकअप शेअर फोल्डरमध्ये एकच प्रत ठेवतं, नवीन आली की जुनीवर लिहितं. नवीन मध्येच फसली तर जुनीही गेलेली असते. सर्व्हरला थेट जोडलेली डिस्क बॅकअपसाठीच राखून दिली की तो अनेक प्रती ठेवतो. पण डिस्क देताना ती आधी फॉरमॅट होते आणि मग एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

कृष्णाकाठ, रात्री ९:३५
मंडळी, झालं! २ टीबीची डिस्क घातली, लेगसी चालू केलं, वायर काढली. मागच्या निळ्या पोर्टला यूएसबी डिस्क लावली, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. पहिल्यांदा निळा स्क्रीन आलाच. सेटअपमध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलून एएचसीआय केला आणि लॉगिन आलं. तोच वॉलपेपर, तेच आयकॉन. विंडोज अ‍ॅक्टिव्हेशन मागतंय, पण ठेवींचं सॉफ्टवेअर उघडलं. शुक्रवारची शेवटची पावती काढून हातातल्या कागदी प्रतीशी जुळवली. क्रमांक तोच, रक्कम तीच. मॅनेजर साहेबांना लगेच फोन केला.
टिकून राहिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी चिडून लिहिलं, त्याबद्दल माफी असावी. उद्या सकाळी ताजा बॅकअप घेऊन मगच पिवळ्या दिव्याची डिस्क बदलतो.

सुमनताई_ठाणे, ९:४८
फार छान. त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचा वेगळा बॅकअपही रोज रात्री लावा. अख्खी इमेज आठवड्यातून एकदा चालेल, पण दिवसभराच्या पावत्या रोजच्या रोज हव्यात.

वाशिष्ठी, ९:५५
दुसरी डिस्क शाखेत पोचली की इथे कळवा.

कृष्णाकाठ, १०:०२
सोमवारी पहिल्या एसटीने शिपाई घेऊन जाणार आहे, ताई. कळवतो.