मदत हवी आहे: कार्डिओरेस्पिरेटरी पोस्टिंगमध्ये मुलांना विचार करून उपचार ठरवायला कसं शिकवता?

कार्डिओ_शिक्षिका

नमस्कार मंडळी,

इथे फिजिओथेरपी शिकवणारे, आयसीयूत काम करणारे आणि अजून शिकत असलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं कार्डिओरेस्पिरेटरी पोस्टिंग, म्हणजे हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांसोबतचं वॉर्डातलं प्रशिक्षण, माझ्याकडे असतं. मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. व्हायव्हात विचारलं तर अ‍ॅक्टिव्ह सायकलचे (कफ मोकळा करायच्या श्वासतंत्राचे) तिन्ही टप्पे धडाधड सांगतात: ब्रीदिंग कंट्रोल (शांत श्वास), थोरॅसिक एक्स्पान्शन (छाती फुगवून दीर्घ श्वास), मग हफिंग (तोंड उघडं ठेवून जोराने श्वास सोडणं). पोश्चरल ड्रेनेजच्या, म्हणजे कफ उतारावरून निघावा म्हणून रुग्णाला निजवायच्या, पोझिशन्स तोंडपाठ. पण वॉर्डात रुग्णासमोर उभं केलं की सगळ्यांना एकच उपचार मिळतो. दीर्घ श्वास, स्पायरोमीटर, छातीवर परकशन (कफ सुटावा म्हणून हाताने थापटणं) आणि "आता खोकून दाखवा". मग रुग्णाला न्यूमोनिया असो, हार्ट फेल्युअर असो, नाहीतर पोटाचं ऑपरेशन झालेलं असो.

एक प्रसंग सांगते. पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन, दुसरा दिवस. उजव्या फुप्फुसात खाली हवा कमी जात होती, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) ९१ टक्के. विद्यार्थिनीने तपासलं, आवाज कमी झालाय हे अचूक ओळखलं, आणि लगेच परकशनसाठी हात उचलला. मी थांबवून विचारलं, "कफ कुठे ऐकू आला?" तो आलाच नव्हता. रुग्ण गादीवर घसरत अर्धा आडवा झाला होता, एक हात टाक्यांवर घट्ट दाबलेला, श्वास वरच्यावर. वेदनाशामकाची वेळ उलटून गेलेली. सिस्टरांना सांगून औषध दिलं, ते लागू पडल्यावर त्याला ताठ बसवलं, टाक्यांवर उशी धरून खोकायला शिकवलं, आणि दोघींनी मिळून खोलीच्या दारापर्यंत चालवून आणलं. परत स्टेथो लावला तेव्हा खालचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. सॅच्युरेशन ९५.

तिला ते मनापासून पटलं. पण मी शेजारी नसेन तेव्हा पुढच्या रुग्णापाशी ती हा विचार स्वतःहून कशी करेल? माझं घोडं इथेच अडतं. आजाराच्या नावाला उपचार जोडायची सवय पुस्तकातून लागते, कारण पुस्तकाची प्रकरणंच तशी असतात. मला ती सवय मोडून "हा रुग्ण आज असा का आहे" हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पक्का बसवायचा आहे. रुग्ण नाजूक असतात, वेळ थोडा असतो, आणि आयसीयूत तर मुलं मॉनिटरकडे बघूनच गारठतात. तुम्ही हे कसं शिकवता? मॅनिकिनवरचा (रुग्णाच्या पुतळ्यावरचा) सराव खरंच उपयोगी पडतो का? आणि परीक्षेत विचार तपासायचा कसा?

आयसीयू_फिजिओ

ताई, तुमचा प्रसंग वाचून वाटलं की तुम्ही उत्तराच्या जवळ आहातच. "कफ कुठे ऐकू आला?" हा एक प्रश्न म्हणजेच शिकवणं आहे.

मी मुलांना हात लावण्याआधी एक वाक्य पूर्ण करायला लावतो: "या रुग्णाचा मुख्य त्रास अमुक आहे, कारण मला तमुक दिसलं, आणि माझ्या उपचारानंतर ढमुक बदलायला हवं." तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. काय बदलणार हे आधी बोलून टाकलं की नंतर तपासावंच लागतं. आवाज बदलला का, श्वासाची गती उतरली का, कफ किती आणि कसा पडला. काहीच बदललं नाही तर अंदाज चुकला, पुन्हा विचार करायचा. हे वाक्य जमत नसेल तर उपचार सुरू करायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळतो.

त्रासाच्या मुळाशी काय आहे, याची यादी फार मोठी नसते. कफ साठलाय, फुप्फुसाचा भाग मिटलाय, श्वासाचे कष्ट वाढलेत, ताकद आणि दमसास कमी झालाय, किंवा दुखतंय. बहुतेक रुग्ण यातल्या एका-दोन गोष्टींत बसतात. शिवाय काही वेळा त्रासाचं मूळ आपल्या हातातलं नसतं, हेही ओळखता आलं पाहिजे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या दोन्ही फुप्फुसांत खाली बारीक क्रॅकल्स (स्टेथोतून येणारे तडतड आवाज) ऐकू येतात. विद्यार्थ्याच्या कानाला तो कफ वाटतो आणि तो डोक्याकडची बाजू खाली करायला निघतो. त्या रुग्णाला तसं निजवणं धोक्याचं आहे. तिथे पाणी उतरवायचं काम औषधाचं. आपण त्याला टेकवून उंच बसवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. म्हणून मी क्रॅकल्सचे आवाज जोडीने ऐकवतो. खोकल्यावर बदलणारे जाडसर आणि खोकूनही तसेच राहणारे बारीक, एकापाठोपाठ एक. सुटे सुटे ऐकवले तर कानाला फरक कळत नाही.

मॉनिटरच्या भीतीबद्दल. पहिल्या दिवशी माझी मुलं कुणावरही उपचार करत नाहीत. एका बेडशेजारी उभं राहून प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे बोट न लावता सांगायचं. छातीतल्या ड्रेनची बाटली छातीच्या पातळीच्या खालीच का, श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतं त्याचा अर्थ काय, बुडबुडे अचानक वाढले तर कुणाला हाक मारायची. मग अलार्म. अलार्म वाजला की आधी रुग्णाकडे बघायचं, आकड्याकडे नंतर. बोट गार असेल किंवा बोटावरचा प्रोब सैल असेल तर सॅच्युरेशनचा आकडा फसवतो, आणि ते मॉनिटरवरच्या लाटेच्या आकारावरून कळतं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बसवायचं, उभं करायचं म्हटलं की सगळेच बिचकतात. २०१४ साली तज्ज्ञांनी एकमताने त्यासाठी हिरवा, पिवळा, लाल अशी सिग्नलची पद्धत सुचवली, ती मी भिंतीवरच लावली आहे. दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत, सॅच्युरेशन ९० किंवा वर, हे हिरव्यात येतं. घशात नळी आहे एवढ्यामुळे रुग्ण हलवायचा नाही असं त्यात नाही. नळी पक्की बांधलेली आहे ना, ते बघायचं.

अंतिमवर्ष_विद्यार्थी

मॅडम, विद्यार्थी म्हणून लिहितो. आम्ही परकशनकडे धावतो त्याचं खरं कारण सांगू? रुग्ण, नातेवाईक, सिस्टर सगळे बघत असतात, आणि काहीतरी केलेलं दिसायला हवं असं वाटतं. नुसतं बघत उभं राहिलं, प्रश्न विचारत बसलं, की काही येत नाही असं समोरच्याला वाटेल ही धास्ती असते. आमच्या एका सरांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं की पहिली पाच मिनिटं तुम्ही फक्त बघायचं, बोलायचं आणि ऐकायचं. रुग्णालाही ते तसंच सांगायचे. त्या परवानगीने खूप फरक पडला.

दुसरं म्हणजे आमच्या केस प्रेझेंटेशनमध्ये हिस्टरीलाच अर्धा वेळ जातो, आणि उपचाराशी येईपर्यंत "ठीक आहे, पुढचा" होतं. उलटं करता येईल का? आधी निष्कर्ष आणि उपचार, मग त्याला आधार काय ते.

कार्डिओ_शिक्षिका

@आयसीयू_फिजिओ सर, ते तीन भागांचं वाक्य मी उचललं. @अंतिमवर्ष_विद्यार्थी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. काहीतरी केलेलं दिसायला हवं, हा दबाव मी इतका धरला नव्हता. केस उलटी मांडायची सूचना मी नक्की करून बघणार.

पुनर्वसन_वाला

मी रिहॅबमध्ये असतो, त्यामुळे व्यायामाच्या बाजूने थोडं. तिथेही हाच रोग आहे. व्यायामात हृदयाचे ठोके किती असावेत हे काढायचं हार्ट रेटचं सूत्र मुलांना दिलं की ती आकडा काढून मोकळी होतात. मग रुग्ण बीटा-ब्लॉकरवर (ठोक्यांची गती कमी ठेवणाऱ्या औषधावर) निघतो आणि त्याचं हृदय त्या आकड्यापर्यंत पोचतच नाही. मुलं त्याला आणखी जोरात चालवतात. मी औषधांची चिठ्ठी वाचल्याशिवाय सूत्र काढूच देत नाही. अशा रुग्णाला ६ ते २० च्या बोर्ग स्केलवर (किती श्रम वाटतात ते रुग्णाने सांगायच्या मोजपट्टीवर) सुरुवातीला ११ ते १३ च्या आसपास ठेवायचं, आणि चालताना तो पूर्ण वाक्य बोलू शकतो का ते बघायचं. हृदय प्रत्यारोपण झालेला रुग्ण आणखी वेगळा. मज्जातंतूंचा जोड तुटलेला असल्याने त्याचा हार्ट रेट उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो, म्हणून वॉर्म-अप लांबवावा लागतो. हे एक उदाहरण नीट समजावलं की मुलं सूत्राच्या पलीकडे विचार करायला लागतात.

सहा मिनिटांची चालण्याची चाचणीही विचार शिकवायला चांगली आहे, पण ती काटेकोर करून घ्या. ३० मीटरचा सरळ पट्टा, ठरलेलीच वाक्यं, आणि रुग्णाच्या पुढे पुढे चालायचं नाही, नाहीतर वेग आपलाच मोजला जातो. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी रुग्ण सवयीनेच जास्त चालतो, म्हणून दोन चाचण्या घेऊन त्यातली चांगली धरायची. या चाचणीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सॅच्युरेशन ८० च्या खाली गेलं तर थांबवायचं. चाचणी झाल्यावर माझा ठरलेला प्रश्न: "हा कशामुळे थांबला? दम, पाय, छातीत दुखणं की भीती?" व्यायामाचा आराखडा त्या उत्तरावर ठरतो. अंतर ३० मीटरच्या आसपास वाढलं तरच ती खरी सुधारणा धरायची, हेही तेव्हाच सांगून टाकतो.

सीओपीडीबद्दल (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराबद्दल) एक सांगायचं राहिलं. मुलांना सॅच्युरेशन ९८ दिसल्याशिवाय चैन पडत नाही. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णाचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. परस्पर ऑक्सिजन वाढवणारा हात तिथल्या तिथे थांबवा.

सिम्युलेशन_लॅब

मॅनिकिनच्या प्रश्नाचं उत्तर देते. ऑस्ट्रेलियात याच विषयावर दोन रँडमाइज्ड चाचण्या झाल्या, २०१३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. चार आठवड्यांच्या कार्डिओरेस्पिरेटरी पोस्टिंगमधला एक आठवड्याइतका वेळ सिम्युलेशनला दिला, तरी शेवटी विद्यार्थ्यांची क्षमता पूर्ण वेळ वॉर्डात असलेल्यांच्या बरोबरीची निघाली. म्हणजे काही भाग लॅबमध्ये हलवायला हरकत नाही. सगळाच हलवा, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

माझा अनुभव असा की महागड्या मॅनिकिनपेक्षा रुग्णाची भूमिका करणारा माणूस जास्त शिकवतो. मॅनिकिन टाके धरून कण्हत नाही आणि "नंतर या, आत्ता नको" म्हणत नाही. सक्शनसारखं (श्वासाच्या नळीतून कफ ओढून काढायचं) कौशल्य मात्र मॅनिकिनवरच घोटून घ्या. कॅथेटरची (ओढायच्या बारीक नळीची) जाडी श्वासाच्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून कमी, आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १५ सेकंदांच्या आत. हातांना हे वळण आधीच लागलेलं असलं की बेडशेजारी डोकं विचाराला मोकळं राहतं.

भूमिका करणाऱ्याला मधेच परिस्थिती बदलायला सांगा. व्यायाम चालू असताना "चक्कर येतेय" म्हणायचं, मॉनिटरवर ब्लड प्रेशर खाली आणायचं. विद्यार्थी थांबतो का, झोपवतो का, मदतीला हाक मारतो का ते बघायचं. आणि प्रसंगाला जेवढा वेळ दिला त्याहून जास्त वेळ नंतरच्या चर्चेला द्या. "तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?" यावरच सगळं शिकणं होतं.

परीक्षेचं म्हणाल तर ओएससीईमध्ये (वेगवेगळ्या स्टेशनांवर फिरत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) एक स्टेशन असं ठेवा जिथे बरोबर उत्तर "आज उपचार करायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं" हे असेल. आणि एका स्टेशनवर उपचार झालेला रुग्ण द्या, आधीची आणि नंतरची निरीक्षणं द्या आणि विचारा: उपयोग झाला का, आता पुढे काय?

बायपास_झालेला

मी या क्षेत्रातला नाही. माझी बायपास झाली तेव्हा विद्यार्थी यायचे, म्हणून लिहावंसं वाटलं. काही जण न सांगता गार स्टेथो छातीला लावायचे. एक मुलगी मात्र आधी खुर्ची ओढून समोर बसली, आज काय करणार आणि का, ते सांगितलं. खोकल्याने छातीचं हाड उघडेल अशी भीती मला रात्रभर वाटत होती, ते मी फक्त तिलाच बोललो. तिने उशी कशी कवटाळायची, उठताना हात अंगाजवळ कसे ठेवायचे ते दाखवलं आणि हाड तारेने पक्कं बांधलेलं असतं हे समजावलं. त्यानंतर मी खोकलो. मुलांना बोलायलाही शिकवा, एवढंच म्हणणं आहे.

आयसीयू_फिजिओ

काका, हे मी माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. बोलण्याच्या ताकदीला भक्कम पुरावाही आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन होणाऱ्या ४४१ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने एकदाच, अर्धा तास, समजावून सांगितलं आणि श्वासाचे व्यायाम करून घेतले. नुसती पुस्तिका दिलेल्या गटात फुप्फुसाची गुंतागुंत २७ टक्के रुग्णांना झाली, समजावलेल्या गटात १२ टक्के. ताई, तुमची मुलं ऑपरेशनआधीच्या रुग्णांना भेटतात का? नसतील तर सुरुवात तिथूनच करा. तो रुग्ण स्थिर असतो, घाबरलेला असतो आणि त्याला ऐकायचं असतं. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला पहिला रुग्ण नाही. आणि ऑपरेशननंतर त्याच विद्यार्थ्याला त्याच रुग्णाकडे पाठवा.

कार्डिओ_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचे विशेष.

पुढच्या बॅचपासून असं करते आहे: पहिली ओळख ऑपरेशनआधीच्या रुग्णाशी, आणि तोच रुग्ण त्याच विद्यार्थ्याकडे घरी जाईपर्यंत. हात लावण्याआधी तीन भागांचं वाक्य. केस उलटी मांडायची. वॉर्डात पहिली पाच मिनिटं फक्त निरीक्षण, आणि हे मी स्वतः सिस्टरांना आणि नातेवाइकांना सांगून ठेवणार, म्हणजे मुलांवर दबाव येणार नाही. "आज उपचार नाही" वालं स्टेशन परीक्षेत घालायला सहकाऱ्यांना पटवावं लागेल, पण ते मी करेन.

एक मदत अजून हवी आहे. क्रॅकल्सचे आवाज जोडीने ऐकवायची सरांची कल्पना फार आवडली. रुग्णाची परवानगी घेऊन, ओळख न ठेवता केलेली अशी रेकॉर्डिंग्ज कुणाकडे असतील, खोकण्याआधीची आणि खोकल्यानंतरची, तर कृपया कळवा. लहान मुलांच्या छातीचे आवाज असतील तर तेही हवे आहेत. मोठ्या माणसाला चांगलं फुप्फुस खाली ठेवून कुशीवर वळवलं की ऑक्सिजन सुधारतो, तान्ह्या बाळात नेमकं उलटं असतं, आणि त्या वॉर्डात मुलं पुन्हा मोठ्यांचेच नियम लावतात. बालरुग्ण विभागात शिकवणाऱ्या कुणी यावर लिहिलंत तर फार बरं होईल.